सुखी अरबस्तानातून परतलेला एकटा

गेट वे ऑफ इंडियापासून लाँचने तासाभरात घारापुरीच्या धक्क्यावर उतरता येते. सुटीच्या दिवशी लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर पर्यटकांची रीघ लागलेली असते. आजपासून सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी, १७६४ साली, याच बेटावर एक तिशीतला जर्मन मोजणीदार पुन्हा पुन्हा येत होता. हातात मोजपट्टी आणि वही घेऊन तो खांबांमधली अंतरे मोजी आणि मूर्तींची रेखाटने करी. चित्रकला हा त्याचा विषय नव्हता. त्याच्या पथकात त्या कामासाठी एक चित्रकार होता. पण मुंबईला पोहोचण्यापूर्वीच त्याला सागरात जलसमाधी देण्यात आली होती. पथकातला भाषापंडित, निसर्गशास्त्रज्ञ, वैद्य आणि नोकर हेही एकामागून एक गेले होते. सहा जणांपैकी उरलेल्या या एकाचे नाव कार्स्टेन नीबूर.

अरबस्तानचा इतिहास, पुरातत्त्व आणि संस्कृती यांचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांचा एक वार्षिक परिसंवाद १९६८ सालापासून भरत आला आहे. अनेक वर्षे त्याचे यजमानपद लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे होते. तेथे वाचले जाणारे निबंध दक्षिण अरबस्तानातील शिलालेखांविषयी असोत, तांबड्या समुद्रातील व्यापाराविषयी असोत वा येमेनच्या वनस्पतींविषयी. माग काढत मागे गेल्यास वाट बहुधा या एकाच माणसापाशी येऊन थांबते. अरबस्तानचा शास्त्रीय अभ्यास युरोपात ज्या मोहिमेने सुरू झाला असे मानले जाते, त्या डॅनिश मोहिमेचा तो अखेरचा साक्षीदार होता.

कार्स्टेन नीबूरचा जन्म १७ मार्च १७३३ रोजी उत्तर जर्मनीतील ल्यूडिंगवोर्ट या गावी झाला. एल्ब नदी जेथे समुद्राला मिळते त्या सखल, दलदलीच्या मुलखातले हे गाव. घराणे स्वतःची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांचे. आईचे छत्र तान्हेपणीच हरपले, आणि सोळाव्या वर्षी वडीलही गेले. शिक्षण अर्धवट राहिले आणि पोरका मुलगा शेतीच्या कामाला जुंपला गेला. पुढे गावात एका शेताच्या क्षेत्रफळावरून वाद उभा राहिला. तो सोडवायचा तर मोजणीदार हवा आणि त्या साऱ्या परगण्यात एकही मोजणीदार नाही, हे पाहून तरुण नीबूरला ओशाळल्यासारखे झाले. ही उणीव आपणच भरून काढायची, असे त्याने ठरवले. बाविसाव्या वर्षी, ज्या वयात इतरांचे शिक्षण संपते त्या वयात, तो भूमिती शिकण्यासाठी हॅम्बुर्गला गेला आणि तेथून १७५७ साली ग्योटिंगेनच्या विद्यापीठात दाखल झाला.

त्याच सुमारास ग्योटिंगेनमध्ये एक वेगळीच योजना आकार घेत होती. योहान डाव्हिड मिखाएलिस हे हिब्रू भाषेचे आणि बायबलचे नामांकित अभ्यासक. बायबलमधील कित्येक वनस्पती, प्राणी आणि चालीरीती यांचा उलगडा ग्रंथालयात बसून होणार नाही, त्यासाठी दक्षिण अरबस्तानात जायला हवे, असे त्यांचे म्हणणे होते. प्राचीन रोमन लोक या प्रदेशाला सुखी अरबस्तान म्हणत. आजचा येमेन तो हाच. डेन्मार्कचे मंत्री बेर्नस्टॉर्फ यांनी ही कल्पना उचलून धरली आणि राजा पाचवा फ्रेडरिक याने तिजोरी उघडली. मोहिमेसाठी गणिती हवा होता. प्राध्यापक केस्टनर यांनी नीबूरला अरबस्तानात जाण्याविषयी विचारले, तेव्हा खर्च कोणी करणार असेल तर जायला हरकत नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन तो मोकळा झाला. अट त्याने एकच घातली. तयारीसाठी वेळ हवा.

तो वेळ त्याने टोबियास मायर या थोर खगोलशास्त्रज्ञाच्या हाताखाली सत्कारणी लावला. समुद्रावर वा वाळवंटात आपण नेमक्या कोणत्या रेखांशावर आहोत हे ओळखणे ही त्या शतकातली अतिशय बिकट समस्या होती. चंद्र आकाशात ताऱ्यांच्या तुलनेत भराभर सरकतो. चंद्र आणि एखादा तारा यांच्यातील कोन मोजला आणि तो मायर यांच्या कोष्टकांशी ताडून पाहिला, की दूरच्या वेधशाळेत त्या क्षणी किती वाजले असतील हे काढता येते. त्या वेळेतील आणि स्थानिक वेळेतील फरक म्हणजेच रेखांश. रीत तत्त्वतः सोपी होती; पण निरीक्षण कमालीचे काटेकोर हवे आणि त्यानंतरची आकडेमोड तासन्‌तास चाले. शेतावर वाढलेल्या या तरुणाकडे ती चिकाटी होती.

मोहिमेवर निघण्यापूर्वी त्याला प्राध्यापक ही पदवी देऊ करण्यात आली. आपल्या ज्ञानाला ती शोभणार नाही म्हणून त्याने ती नाकारली आणि अभियंता दलातील लेफ्टनंट हा साधा हुद्दा पत्करला. पथकातील इतरांचा थाट वेगळा होता. फ्रेडरिक फॉन हावेन हा डॅनिश भाषापंडित होता. पीटर फोर्सकाल हा लिनियसचा बुद्धिमान शिष्य. नागरी स्वातंत्र्यावर १७५९ साली पुस्तिका लिहून त्याने स्वीडिश सरकारचा रोष ओढवून घेतला होता. क्रिस्टियान क्रामर हा वैद्य, गेओर्ग बाउरेनफाइंड हा न्यूरेंबर्गचा चित्रकार आणि लार्स बेरग्रेन हा पूर्वी घोडदळात असलेला स्वीडिश नोकर. राजाने दिलेल्या ४३ कलमी आज्ञापत्रात कोणालाच प्रमुख नेमलेले नव्हते. सर्व विद्वान समान, मतभेद झाल्यास बहुमताने निर्णय, प्रत्येकाने स्वतंत्र रोजनिशी ठेवावी, स्थानिकांच्या धर्माचा आणि चालीरीतींचा मान राखावा, अशी ती कलमे आजही आधुनिक वाटतात. मात्र समानतेचा हा प्रयोग व्यवहारात महागात पडला.

जानेवारी १७६१ मध्ये कोपनहेगन सोडलेले जहाज वादळांमुळे पुन्हा पुन्हा मागे फिरले. अखेर भूमध्य समुद्रमार्गे मंडळी कॉन्स्टँटिनोपलला पोहोचली, तोवर फॉन हावेन आणि फोर्सकाल यांच्यातून विस्तव जात नव्हता. तेथे फॉन हावेनने बाजारातून सोमल विकत घेतल्याचे उघडकीस आले. तो आपल्यावर विषप्रयोग करील या भीतीने इतरांनी कोपनहेगनला पत्रे धाडली. उत्तर यायला कित्येक महिने लागणार होते. तोवर एकाच छपराखाली राहायचे आणि एकाच ताटातले अन्न खायचे, हाच काय तो मार्ग होता.

इजिप्तमध्ये पथकाने वर्षभर मुक्काम केला. नीबूरने कैरो शहराचा नकाशा तयार केला आणि पिरॅमिडांची उंची मोजली. १७६२च्या अखेरीस सुएझहून जेद्दामार्गे ही मंडळी येमेनच्या किनाऱ्यावरील लुहैया बंदरात उतरली. तेथे अनपेक्षित स्वागत झाले. लुहैयाचा अमीर फरहान हा रसिक आणि जिज्ञासू गृहस्थ होता. सूक्ष्मदर्शकाखाली धरलेली ऊ पाहून दरबारी मंडळी थक्क झाली. संध्याकाळी नीबूर आणि बाउरेनफाइंड व्हायोलिन वाजवीत आणि शेजारीपाजारी ऐकायला जमत. पुढचे काही आठवडे बहुधा या मोहिमेचे खरे सुखाचे दिवस होते. अरबी पोशाखात, भाड्याच्या गाढवावर बसून नीबूर तिहामाच्या किनारी मैदानातील गावोगाव हिंडला. पावलांचा वेग आणि घड्याळ यांवरून अंतर काढायचे, होकायंत्राने दिशा टिपायची आणि रात्री ताऱ्यांचे वेध घ्यायचे, हा त्याचा नित्यक्रम. फोर्सकाल कॉफीच्या डोंगरमळ्यांतून वनस्पती गोळा करीत होता. युरोपीय विद्वानांना शतकानुशतके हुलकावणी देणारे मक्केच्या बाल्समचे झाडही त्याने येथेच शोधून काढले.

सुखाला दृष्ट लागली ती मोखा बंदरात. कॉफीच्या निर्यातीसाठी जगभर नावाजलेल्या या बंदरातील जकात अधिकाऱ्यांनी फोर्सकालच्या पेट्या फोडल्या. मद्यार्कात घालून ठेवलेल्या माशांच्या आणि सापांच्या बरण्या उघडताच असह्य दुर्गंधी पसरली. परके लोक विष घेऊन आले आहेत, असा बोभाटा झाला आणि सामान रस्त्यावर भिरकावले गेले. योगायोगाने बंदराच्या सुभेदाराच्या पायाला गोळी लागली आणि क्रामरच्या औषधोपचाराची गरज भासली, तेव्हा कोठे वातावरण निवळले. पण तोवर तापाने पथकाला गाठले होते. २५ मे १७६३ रोजी फॉन हावेनचा मोख्यात मृत्यू झाला. उरलेले पाच जण राजधानी सनाकडे निघाले. वाटेत यरीम गावी ११ जुलै रोजी फोर्सकाल गेला. ज्याच्याशी नीबूरचे सूर जुळले होते आणि ज्याला अरबी भाषा उत्तम अवगत झाली होती, असा हा सहकारी जेमतेम एकतीस वर्षांचा होता.

हा ताप मलेरियाचा होता, असे आज मानले जाते. त्याचा परजीवी १८८० साली सापडला आणि डासांशी असलेला त्याचा संबंध १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत सिद्ध केला. नीबूरच्या काळी हे काहीच ठाऊक नव्हते. उष्ण देशात युरोपीय पद्धतीचे जड अन्न आणि मांस खाण्याचा हा परिणाम असावा, असा त्याचा समज होता. म्हणून पुढे त्याने स्थानिकांप्रमाणे साधे जेवण आणि साधा वेश अंगीकारला. कारणाविषयी तो चुकला असेल, पण त्या सवयीने पुढील प्रवासात त्याला कोठेही परका वाटू दिले नाही.

सनामध्ये इमाम अल-महदी अब्बास याने पाहुण्यांचा मोठ्या इतमामाने सत्कार केला आणि वर्षभर राहण्यास मुभाही मिळू शकली असती. परंतु चौघेही आजारी होते. मोख्याहून मुंबईला जाणारे इंग्रजांचे जहाज चुकले तर आपण येथेच संपणार, या धास्तीने ते परत फिरले. २३ ऑगस्ट १७६३ रोजी जहाज हाकारले गेले. २९ ऑगस्टला भर समुद्रात बाउरेनफाइंड गेला आणि दुसऱ्याच दिवशी बेरग्रेन. ११ सप्टेंबरला नीबूर आणि क्रामर मुंबईला उतरले, ते केवळ हाडांचे सापळे होऊन. क्रामर १० फेब्रुवारी १७६४ रोजी मुंबईतच मरण पावला. सहा जणांच्या शास्त्रीय मोहिमेत आता उरला होता फक्त मोजणीदार.

मुंबई त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातले तटबंदीचे एक लहानसे शहर होते. पलीकडे साष्टी आणि वसईवर मराठ्यांचा अंमल होता. घारापुरी बेटही त्यांच्याकडेच होते. पानिपतचा घाव ताजा होता आणि पुण्यात तरुण माधवराव पेशवे राज्याची घडी बसवीत होते. नीबूरचा मुक्काम येथे सुमारे पंधरा महिने पडला. ताप उतरल्यावर तो इंग्रजी शिकला, मध्यंतरी सुरतेला जाऊन आला आणि हिंदू, पारशी व मुसलमान समाजांच्या चालीरीतींची टिपणे त्याने काढली. सहकाऱ्यांची हस्तलिखिते आणि नमुने बांधून त्याने युरोपला रवाना केले. याच काळात मिखाएलिस यांनी विद्वानांसाठी काढलेल्या शंभर प्रश्नांचे छापील पुस्तक अखेर त्याच्या हाती पडले. प्रश्न हिब्रू शब्दांचे, वनस्पतींचे, रोगांचे. ज्यांनी त्यांची उत्तरे शोधायची होती, ती माणसे मात्र हयात नव्हती.

अशा अवस्थेत हा माणूस तीन वेळा होडीने घारापुरीला गेला. त्याने मुख्य लेण्याचा आराखडा मापांसह काढला आणि भव्य शिल्पांची चित्रे रेखाटली. १७७८ साली ती प्रसिद्ध झाली, तेव्हा युरोपातील वाचकांना या लेण्यांचे प्रथमच मोजून मापून केलेले दर्शन घडले. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा हे नाव दिले, तो दगडी हत्ती तेव्हा बेटावरच उभा होता. १८१४ साली त्याची मान तुटून पडली. पुढे १८६४ साली त्याचे अवशेष मुंबईत आणण्यात आले. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात पुन्हा जुळवलेला तो हत्ती आजही पाहता येतो.

मुंबईहून इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावर चढून नीबूर घरी परतू शकला असता. त्याने तसे केले नाही. डिसेंबर १७६४ मध्ये तो मस्कतकडे निघाला आणि तेथून इराणच्या किनाऱ्यावर उतरून शिराझमार्गे पर्सेपोलिसच्या अवशेषांपाशी गेला. मार्च १७६५ मध्ये तेथे आठवडे काढून, काळ्या चकचकीत दगडावरचे खिळ्यांच्या आकाराचे लेख त्याने अक्षर न्‌ अक्षर उतरवून घेतले. दगडावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळे सुजले. वृद्धापकाळी त्याला आलेल्या अंधत्वाचे मूळ त्याच्या पुत्राने याच दिवसांत शोधले आहे. ही लिपी नीबूरला वाचता आली नाही. पण ती डावीकडून उजवीकडे लिहिली जाते आणि येथे एक नव्हे तर तीन वेगवेगळ्या लिपी आहेत, हे त्याने ओळखले. त्यांतल्या सर्वांत सोप्या लिपीची ४२ चिन्हेही त्याने वेगळी काढली. १८०२ साली ग्योटिंगेनमधील ग्रोटेफेंड या तरुण शिक्षकाने याच नकलांवरून दारियस आणि झर्क्सिस या सम्राटांची नावे वाचून दाखवली. क्यूनिफॉर्म लिपीचे कुलूप उघडले ते असे.

त्यानंतर अब्दुल्ला हे नाव आणि पौर्वात्य पोशाख धारण करून तो बसरा, नजफ, करबला, बगदाद, मोसूल आणि अलेप्पो असा काफिल्यांबरोबर हिंडला. सायप्रस आणि जेरुसलेम पाहून, कॉन्स्टँटिनोपल व पोलंडमार्गे २० नोव्हेंबर १७६७ रोजी तो कोपनहेगनला पोहोचला. निघाल्यापासून जवळजवळ सात वर्षे लोटली होती. ज्या राजाने मोहीम धाडली तो १७६६ सालीच निवर्तला होता. मायरही १७६२ मध्येच वारले होते. नव्या दरबाराला अरबस्तानात स्वारस्य उरले नव्हते.

येथून पुढचे नीबूरचे कार्य मोहिमेइतकेच मोलाचे आहे, मात्र त्याची चर्चा कमी होते. अरबस्तानच्या वर्णनाचा त्याचा ग्रंथ १७७२ साली आणि प्रवासवर्णनाचे पहिले दोन खंड १७७४ व १७७८ साली आले. ऐकीव माहिती आणि स्वतः पाहिलेले यांतील सीमारेषा त्याने कटाक्षाने पाळली. लुटारू आणि रानटी म्हणून युरोपात रंगवलेल्या अरबांच्या जागी त्याने अतिथ्यशील, व्यवहारचतुर आणि सुसंस्कृत माणसे उभी केली. त्याने काढलेला येमेनचा नकाशा पुढे अनेक दशके प्रमाण मानला गेला. स्वतःच्या ग्रंथांच्या बरोबरीने त्याने मृत फोर्सकालची प्राण्यांवरील आणि वनस्पतींवरील टिपणे १७७५ साली, तर बाउरेनफाइंडची चित्रे १७७६ साली प्रकाशात आणली. तो ना वनस्पतिशास्त्रज्ञ होता ना लॅटिनचा पंडित. तरीही विस्कळीत कागदांचे ते गाठोडे त्याने तसेच पडू दिले नाही. फोर्सकालचे नाव आज विज्ञानात टिकून आहे त्याचे मोठे श्रेय या निष्ठेला जाते.

१७७३ साली त्याचा विवाह झाला. १७७८ मध्ये कोपनहेगन सोडून तो होल्स्टाइनमधील मेलडॉर्फ या लहान गावी सरकारी कारभारी म्हणून रुजू झाला आणि तेथेच रमला. सरदारकी देऊ केली असता त्याने ती नाकारली. आपल्या मुलाला त्याने स्वतः भूगोल, गणित आणि भाषा शिकवल्या व संध्याकाळी पूर्वेकडच्या गोष्टी सांगितल्या. तो मुलगा बार्टोल्ड गेओर्ग नीबूर पुढे प्राचीन रोमचा नामवंत इतिहासकार झाला. २६ एप्रिल १८१५ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, दृष्टी गमावलेल्या नीबूरने मेलडॉर्फमध्ये अखेरचा श्वास घेतला. प्रवासवर्णनाचा तिसरा खंड त्याच्या मृत्यूनंतर २२ वर्षांनी, १८३७ मध्ये छापला गेला.

येमेनमध्ये जुने शिलालेख आहेत असे नीबूरने लोकांकडून ऐकले होते. पण मरणासन्न सहकाऱ्याला सोडून ते पाहायला जाणे त्याला शक्य झाले नाही. ऐकलेली माहिती मात्र त्याने प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली. तिच्याच आधारे उलरिख झेट्सेन या प्रवाशाने १८१० साली यरीमजवळच्या झफार येथे हिम्यरी राजवटीच्या काळातील लेख शोधले आणि त्यांच्या नकला युरोपात पोहोचवल्या. दक्षिण अरबस्तानच्या शिलालेखशास्त्राची ती सुरुवात होती.

आज या इतिहासाला वेगळीच धार आली आहे. येमेन २०१४ सालापासून युद्धाच्या वणव्यात होरपळला आहे. सनाचे जुने शहर १९८६ साली जागतिक वारसा ठरले आणि २०१५ साली त्याची नोंद धोक्यात आलेल्या वारशांच्या यादीत झाली. नीबूर ज्या धमार गावावरून सनाला गेला, तेथील संग्रहालय २०१५ साली हवाई हल्ल्यात जमीनदोस्त झाले. जेथे उत्खननाची कुदळ चालवणे दुरापास्त झाले आहे, तेथे जुनी नोंद, जुना नकाशा आणि जुने रेखाटन यांचे मोल वाढते. गाढवावर बसून, पावलांनी अंतर मोजत एका शेतकऱ्याच्या पोराने टिपलेली गावे, बाजार आणि वाटा अभ्यासकांना म्हणूनच पुन्हा वाचाव्या लागतात.

नीबूर विद्वान म्हणून निघाला नव्हता. गावात मोजणीदार नाही याची लाज वाटून तो घराबाहेर पडला होता. पाच सहकारी गमावल्यावर त्याने मोजणे थांबवले असते, तर त्याला कोणीही दोष दिला नसता. तो थांबला नाही आणि म्हणूनच त्या पाच जणांचे मरण व्यर्थ गेले नाही. घारापुरीच्या लेण्यात शिरताना प्रवेशद्वारापाशी क्षणभर थांबून, एकेका खांबाचे अंतर मोजणाऱ्या त्या एकाकी माणसाची आठवण कोणी काढली, तर ते मुंबईकरांना शोभूनच दिसेल.